कढईतले तेल आणि आकाशातले विमान

विमानाचा आवाज आला की बाबा बोलणे थांबवतात. वाक्य अर्धे असले तरी थांबवतात, झारा कढईच्या काठावर टेकवतात, आणि आवाज ओसरला की नेमके त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करतात. टिंगरेनगरच्या बाजूला राहणाऱ्या बहुतेकांना ही सवय असते. लोहगावचे विमानतळ आमच्या उशाशी आहे. प्रवासी विमाने येतात-जातात, आणि मधूनच वायुदलाची लढाऊ विमाने अशी काही गर्जत जातात की गाडीवरची चटणीची भांडी थरथरतात. नवखे गिऱ्हाईक दचकून वर बघते. आम्ही बघत नाही. वर बघितले तर वडा करपतो, हे मला दहाव्या वर्षीच कळले होते.

आमची वडापावची हातगाडी आहे. हे मी महाविद्यालयात पहिली दोन वर्षे कुणाला सांगितले नव्हते. आता वार्षिकांकात छापूनच टाकते आहे, तेव्हा लपवण्यासारखे काही उरले नाही. संध्याकाळी पाच ते रात्री दहा मी गाडीवर असते. पाव कापणे, पैसे घेणे, लसणाची चटणी भरणे ही माझी कामे. तळण बाबांचे. कढईला हात लावू देत नाहीत. गाडी बंद केल्यावर तेल निवेपर्यंत आम्ही दोघे पायरीवर बसतो. मग बाबा फडक्याने तेल गाळतात. वर राहिलेला चुरा वेगळ्या डब्यात जातो, कारण चुऱ्याची गिऱ्हाईके वेगळी. थोडे बरे तेल दुसऱ्या दिवशीच्या ताज्या तेलात मिसळले जाते. जे अगदी काळे पडले, ज्याला फेस येतो, जे बोटाला चिकटते, ते कॅनमध्ये.

त्या कॅनची ही हकीगत आहे.

गेली कित्येक वर्षे तो कॅन अण्णांकडे जात असे. अण्णा म्हणजे कोपऱ्यापलीकडे भजी आणि पापड्या तळणारे गृहस्थ. बाबांच्या आधीपासून या रस्त्यावर आहेत. बाबांनी गाडी लावली तेव्हा जागेवरून भांडायला म्हणून आले आणि पहिल्या दिवशीचे पीठ सैल झाले आहे हे पाहून स्वतःच बेसन कालवून गेले, अशी आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट आहे. अण्णा आठवड्यातून दोनदा अॅल्युमिनियमची किटली घेऊन येत. बाबा तेल देत. अण्णा काही पैसे देत, कधी देत नसत. ते तेल अण्णांच्या कढईत पुन्हा तापे, आणि संध्याकाळी शाळा सुटलेली पोरे दहा रुपयांची भजी खात. मी स्वतः लहानपणी ती खाल्ली आहेत. आमच्याच तेलात तळलेली, आमच्याच गाडीवरून चालत जाऊन विकत घेतलेली!

मग दीड वर्षापूर्वी टेम्पोवाला आला.

त्याने गाडीपाशी टेम्पो उभा केला आणि विचारले, "जळकं तेल विकता का?" बाबांना वाटले, हा तपासणीचा माणूस. ते सावध झाले. तसे नव्हते. तो वापरलेले तेल गोळा करीत होता. हॉटेलांतून, फरसाणाच्या कारखान्यांतून, आमच्यासारख्या गाड्यांवरून. भाव अण्णांपेक्षा चांगला, पैसे रोख. मी विचारले, "याचं करता काय?" तो म्हणाला, "ताई, कुणी म्हणतं डिझेल होतं, कुणी म्हणतं साबण होतो, आणि साहेब म्हणतात विमानात जातं. मी टेम्पोत घालतो, एवढंच मला ठाऊक."

विमानात जाते, हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या शेजारी एक काका राहतात. जन्मभर एका रासायनिक कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, दहावीनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध संपला, पण काकांना शिकवायची हौस आहे आणि श्रोता मिळत नाही. त्यांना विचारले, तर त्यांनी प्रथम मलाच विचारले, "जानेवारीत तुझ्या घरचं खोबरेल कसं होतं?" म्हटले, गोठते; बाटली उन्हात ठेवावी लागते. "पुण्याच्या थंडीत ही गत. आणि विमान उडतं तिथे बाहेर शून्याच्या खाली पन्नास अंश असतं. कढईतलं तेल टाकीत ओतलंस तर ते वर जाऊन तूप होईल, इंजिनापर्यंत पोचायचंच नाही."

विमानाचे इंधन म्हणजे मुळात रॉकेलचा सख्खा भाऊ, अधिक शुद्ध केलेला. उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये, असा दंडक आहे. काकांनी आईच्या पोतीचे मणी मागून घेतले (आई नाखूश) आणि टेबलावर मांडणी केली. तेलाचा एकेक कण म्हणजे तीन लांब शेपट्या एका गाठीत बांधलेल्या. प्रत्येक शेपटीत बहुधा सोळा-अठरा कार्बन. गाठीशी प्राणवायू अडकलेला. त्यावर भारी दाबाखाली, उष्णता देऊन हायड्रोजन सोडला की प्राणवायू पाण्याच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो, शेपट्या मोकळ्या होतात. त्या फार लांब आणि फार सरळ असतात. सरळ काड्या जशा एकमेकींना चिकटून मोळी होते तशा त्या थंडीत चिकटतात. म्हणून काहींचे तुकडे करायचे आणि काहींना फांद्या फोडायच्या. मग मोळी बांधता येत नाही, म्हणजे गोठत नाही. शेवटी जे निघते ते पाण्यासारखे स्वच्छ, रॉकेलच्या जातीचे. त्यात भज्याचा वासही राहत नाही. हे ऐकून मला उगीचच वाईट वाटले.

आता यात विशेष काय? तेही जळणार, धूर तोही सोडणार. एक किलो विमानाचे इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे वजन इंधनाहून जास्त कसे, हे मला बराच वेळ पटले नव्हते. तो प्राणवायू हवेतून घेतलेला असतो. कढईतल्या तेलापासून केलेल्या इंधनातूनही जवळपास तेवढाच निघतो. फरक मागच्या हिशेबात आहे. खनिज तेलातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पुरलेला होता, तो नव्याने वर येतो. तेलबियांतला कार्बन त्या झाडाने दोन-चार वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. घेतलेले उसने परत केले, एवढेच. शेती, वाहतूक, कारखाना यांचा खर्च धरूनही, वापरलेल्या तेलाच्या बाबतीत ही बचत ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे सांगतात. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी दोन-अडीच टक्के विमानांचा. थोडा वाटतो खरा. पण मोटारीला बॅटरी बसवता येते, विमानाला जड जाते: एक किलो इंधनात जेवढी शक्ती साठते तेवढीसाठी आजच्या चाळीसेक किलो बॅटऱ्या लागतील. पक्ष्याच्या पाठीवर पाटा-वरवंटा बांधण्यातला प्रकार. म्हणून विमानवाले इंधनच बदलू पाहतात.

आणि हे केवळ कागदावर नाही. २००८ च्या फेब्रुवारीत लंडनहून ॲमस्टरडॅमला गेलेल्या एका जंबो विमानाच्या चारपैकी एका इंजिनात नारळ आणि बाबासू नावाच्या ताडाच्या तेलाचे मिश्रण होते. पुढे २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनहून न्यूयॉर्कपर्यंत एक बोइंग ७८७ शंभर टक्के अशाच इंधनावर गेले. त्या इंधनाचा मोठा भाग टाकाऊ तेल आणि चरबीतून आलेला होता. एरवी नियमाने निम्म्याहून जास्त मिसळायची परवानगी नाही. त्या उड्डाणाला खास मुभा होती. आणि आपल्याकडे? १९ मे २०२३ रोजी देशी बनावटीचे असे इंधन मिसळलेले पहिले प्रवासी विमान दिल्लीला गेले ते आमच्या लोहगावहून. इंधन केले होते पुण्याच्याच प्राज कंपनीने, देशी शेतमालापासून. म्हणजे त्या दिवशीही विमान उडाले तेव्हा बाबा थांबले असतील, झारा टेकवला असेल. आम्हाला पत्ता नव्हता.

हे कळल्यावर मी इतकी हुरळले की काय सांगू! वर्गात सांगितले, मैत्रिणींना सांगितले, आणि घरी बाबांना तर व्याख्यानच दिले. म्हटले, अण्णांना तेल देणे बंद करा. ते वाईटच आहे. तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात विषारी घटक वाढतात. ते प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेले तर तेल खाण्यात वापरू नये, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे, आणि वापरलेले तेल इंधनासाठी गोळा करण्याची मोहीमही त्याच वर्षी त्यांनीच सुरू केली. एका दगडात दोन पक्षी: पोरांची पोटे वाचतात आणि आकाशही. बाबा ऐकत होते. म्हणाले, "आणि अण्णा?"

अण्णांचे काय, याचे उत्तर माझ्या व्याख्यानात नव्हते.

तरी बाबांनी ऐकले. टेम्पोवाल्याला कॅन जाऊ लागला. अण्णा किटली घेऊन आले तेव्हा बाबांनी सांगितले, "आता नाही हो, अण्णा. पोरगी म्हणते ते बरोबर आहे." अण्णांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. "शिकलेली आहे," एवढेच म्हणाले आणि रिकामी किटली हलवत गेले. ताज्या तेलाचा पंधरा किलोचा डबा त्यांना परवडत नाही हे मला माहीत होते. त्यांनी दोन महिने गाडी ओढली, मग भजी बंद करून उकडलेल्या शेंगा विकायला लागले. शेंगांत सुटते ते निम्मेही नाही, असे आईला कुणीतरी सांगितले.

तेव्हापासून मला हिशेब करायची खोड लागली. आमच्या कॅनमध्ये महिन्याला वीसेक लिटर तेल साठते. त्यातून विमानाजोगे इंधन निघेल फार तर पंधरा लिटर. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या नेहमीच्या विमानाला पाचेक टन इंधन लागते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक लिटर. आमची महिनाभराची कढई त्या विमानाला पंधरा-वीस सेकंद पुरते. तेवढ्यात ते चारेक किलोमीटर जाईल. विश्रांतवाडीहून येरवड्यापर्यंत. रिक्षावालासुद्धा तेवढ्याला कुरकुर करतो.

मोठा हिशेब याहून निराळा नाही. २०२४ साली साऱ्या जगात असे इंधन तयार झाले ते सुमारे दहा लाख टन. विमाने वर्षाला जेवढे जाळतात त्याच्या ०.३ टक्के. किंमत खनिज इंधनाच्या दुप्पट ते पाचपट. युरोपाने कायदाच केला आहे: २०२५ पासून दोन टक्के, २०५० पर्यंत सत्तर. आपल्या सरकारचे ध्येय आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ पर्यंत एक टक्का, २०३० पर्यंत पाच. ठीक आहे. पण जगातल्या सगळ्या कढया रिकाम्या केल्या तरी सत्तर टक्के भरायचे नाहीत, हे माझ्यासारखीलाही दिसते. आणि जळक्या तेलाला चांगला भाव आला की ताजे तेल जळके म्हणून विकायचा मोह होणार. पूर्वेकडून येणाऱ्या मालाबद्दल ही शंका युरोपात घेतली जातेच. आपण तर खाण्याच्या तेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. आमच्या वड्याचे पामतेल समुद्र ओलांडून येते, वडा तळते, आणि मग म्हणे विमानात बसते. आमच्या घरात विमानात बसलेले ते एकटेच!

मग उरते शेत. इथे मला माझे आजोळ आठवते. लातूर जिल्ह्यात आईचे माहेर. आजोबांच्या बांधावर मोगली एरंडाची रांग होती. वीसेक वर्षांपूर्वी या झाडाचे फार कौतुक झाले होते: गुरे खात नाहीत, माळरानावर येते, बियांतून डिझेल निघते. झाड आले, बिया फार आल्या नाहीत, ज्या आल्या त्या घ्यायला कुणी आले नाही. आजोबांनी ती रांग कुंपण म्हणून ठेवली. २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला जे विमान जैवइंधन मिसळून गेले ते याच मोगली एरंडाच्या तेलावर. ते डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेने तयार केले होते आणि बिया छत्तीसगडच्या शेतकऱ्यांच्या होत्या. मामाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मग आमच्या बिया काय रेल्वेनं जायच्या होत्या?"

रेल्वेचे नाव त्याने उगीच काढले नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी आली होती. आम्ही त्या सुट्टीत तिकडेच होतो. घागरींच्या रांगा मी पाहिल्या आहेत. आणि त्याच जिल्ह्यात मामाचा ऊस उभा होता. हे मी मामाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ऊस घेतला तर कारखाना उचलतो, तूर घेतली तर बाजार रडवतो, हे त्याचे गणित त्याच्या जागी खरे आहे. आता उसाच्या अल्कोहोलपासून विमानाचे इंधन करायचे म्हणतात. अल्कोहोलमधून पाणी काढून टाकायचे, उरलेले लहान कण जोडून मोठे करायचे. पण ज्यातून पाणी काढले ते कमीच होणार: एक लिटर इंधनाला पावणेदोन लिटर तरी अल्कोहोल हवे, आणि त्याच्या मागे ऊस, आणि उसाच्या मागे पाणी. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच बंधने घालावी लागली होती. साखर आधी, मग मोटार, मग विमान. पिण्याचे पाणी या रांगेत कितवे, ते मिरजेच्या गाडीला विचारावे. पाचट आणि चिपाडे यांपासून करता आले तर गोष्ट वेगळी. काका म्हणतात, येते; पण महाग पडते.

एवढे सगळे कळूनही मी टेम्पोवाल्याला थांबवा असे म्हणू शकले नाही. पोरांच्या पोटात ते तेल जाऊ नये, हे मला आजही वाटते. पंधरा सेकंद तर पंधरा सेकंद. फक्त त्या पंधरा सेकंदांत वर कोण बसलेले आहे आणि खाली कोणाची किटली रिकामी आहे, हे दोन्ही मला एकदम दिसते, आणि मग मैत्रिणींपुढे पूर्वीसारखे व्याख्यान देता येत नाही. बाबांना एकदा विचारले, तुम्हाला काय वाटते? ते म्हणाले, "मला वाटतं, टेम्पोवाला जे जास्तीचे पैसे देतो ते अण्णांना द्यावेत." दोन वेळा दिलेही. तिसऱ्यांदा अण्णांनी घेतले नाहीत. म्हणाले, तेलाचे पैसे मी देत होतो, तुम्ही नाही.

गेल्या पंधरवड्यात टेम्पोवाला आलाच नाही. फोन लागत नाही. कॅन गळ्यापर्यंत भरला आहे, दुसरा अर्धा झाला आहे. काल रात्री आम्ही गाडी आवरत होतो तेव्हा अण्णा आले. हातात किटली होती. नुसतेच उभे राहिले. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, शेंगा खपत नाहीत, असे काहीसे बोलले. मग म्हणाले, "तुमचं विमान आलं नाही वाटतं."

बाबा माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात खरेच एक विमान आले, उतरणारे, दिवे लावलेले, पिंपळाच्या अगदी शेंड्यावरून गेल्यासारखे. तिघेही गप्प राहिलो. आवाज ओसरला तरी बाबांनी पुढचे वाक्य सुरू केले नाही. मी खाली वाकून कॅनचे झाकण घट्ट केले, आणि गाडीखालून ताज्या तेलाचा फोडलेला डबा ओढून अण्णांची किटली मागितली. अण्णांनी ती लगेच दिली नाही.

तृतीय वर्ष कला